सिंहस्थातलं रजिस्टर लग्न

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही कुठे चढलो होतो? कोर्टच पायऱ्या उतरून आमच्या दारात आलं. माझ्या भाचीनं इमिग्रेशनच्या दोन अधिकाऱ्यांना चहा पाजला, चकली दिली आणि वर स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. त्या आमंत्रणापायी ती आणि तिचा नवरा तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आले. आता सगळं निस्तरलंय, म्हणून मी हसत सांगते. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि माझ्या तोंडचं पाणी सहसा पळत नाही, हे आमच्या घरात कुणालाही विचारा.

आम्ही ओहायोमधल्या डब्लिनचे, म्हणजे कोलंबस शहराच्या कडेचे. आमचे हे सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून आले, त्यांच्यामागून मी आले. मुलं मोठी होऊन आपापल्या गावी गेली आणि घर खायला उठलं. तेवढ्यात, दोन हजार एकमध्ये, माझ्या मोठ्या बहिणीची एकुलती एक मुलगी कोलंबसच्याच एका कंपनीत वर्क व्हिसावर आली. ती नाशिकची, माझं माहेरही तेच. मी तिला अपार्टमेंट बघूच दिलं नाही. वरची खोली रिकामी होती, ती तिला दिली.

मंडळाच्या गणपतीत तिला तो भेटला. तोही मराठीच, पण लहानपणापासून इथे वाढलेला, सिटिझन झालेला. त्याचे आईवडील निवृत्त होऊन पुण्याला परत गेले होते. मुलगा सरळ. मराठी बोलताना अडला की 'यू नो मावशी' म्हणायचा आणि मला सगळं नो आहे असं धरून पुढे जायचा. दोन हजार तीनच्या वसंतात नाशिकला साखरपुडा झाला. लग्न येत्या हिवाळ्यात करायचं ठरलं आणि मी साड्यांची यादी करायला बसले.

आणि माझ्या मेव्हण्यांनी पंचांग उघडलं.

हे माझे मेव्हणे, म्हणजे मुलीचे वडील, शाळेत विज्ञान शिकवायचे. गुरूला किती चंद्र आहेत हे पोरांना फळ्यावर काढून दाखवायचे आणि घरी येऊन त्याच गुरूला घाबरायचे. त्या उन्हाळ्यात गुरू सिंह राशीत जाणार होता. सिंहस्थ लागला की वर्षभर लग्न-मुंज बंद, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. हल्ली पुष्कळ जण पाळत नाहीत. पण मेव्हण्यांचं म्हणणं, साक्षात गोदावरीच्या काठावर राहायचं आणि सिंहस्थात मुलीचं लग्न लावायचं, तर गावात तोंड कुठे दाखवायचं?

मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. सिंहस्थाचा दोष गोदावरीच्या उत्तर तीरापासून गंगेच्या दक्षिण तीरापर्यंतच सांगितलाय, एवढं मला माहेरच्या भटजींच्या तोंडून ऐकून ठाऊक होतं. मी फोनवर म्हटलं, भाऊजी, नकाशा काढा आणि ओहायो गंगेच्या वर येतं का खाली ते बघा. इथेच लग्न लावू, दोष लागायचा प्रश्नच नाही. त्यांनी खरंच ॲटलास काढला. दोन दिवसांनी फोन आला. ओहायो गंगेच्याही उत्तरेला आहे हे त्यांना मान्य होतं, पण मुलीचं माहेर गोदाकाठी, तेव्हा मुहूर्त माहेरचाच धरायचा. आता या माणसापुढे डोकं किती आपटणार! लग्न दोन हजार चारच्या डिसेंबरावर गेलं, मंगल कार्यालयसुद्धा तेव्हाच ठरवून टाकलं.

दैव कसं असतं बघा. दिवाळीच्या सुमाराला भाचीच्या कंपनीनं माणसं कमी केली आणि त्यात तिचं नाव निघालं. नोकरी गेली की व्हिसा गेला, म्हणजे गाशा गुंडाळून नाशिकला परत. मुलगा सिटिझन होता. दोघांचं ठरलेलंच होतं. मग इथल्या कोर्टात रजिस्टर लग्न आत्ता उरकून घ्यावं आणि खरं लग्न डिसेंबरात करावं, असं सगळ्यांच्या मतानं ठरलं. मेव्हण्यांनीही मान डोलावली. रजिस्टर म्हणजे सरकारचा कागद, त्याला मुहूर्त लागत नाही असं ते म्हणाले. फक्त एक अट घातली. सप्तपदी होईपर्यंत मुलगी मावशीच्याच घरी राहील.

मी पुन्हा भांडले. कायद्यानं नवराबायको झाल्यावर पोरीला माझ्याकडे कसली ठेवता, म्हटलं. पण भाचीच म्हणाली, जाऊ दे ना मावशी, बाबांचं मन कशाला मोडायचं, वर्षभराचा तर प्रश्न. तोही हसून हो म्हणाला. आपल्याकडे ही गोष्ट इतकी रोजची आहे, व्हिसासाठी रजिस्टर आधी, लग्न मागाहून, की यात कुणाला काही वावगं वाटेल हे आमच्या स्वप्नातही आलं नाही.

रजिस्टर लग्नाच्या दिवशी तिनं ऑफिसची राखाडी पँट घातली होती. फोटो एकही नाही, कारण खरे फोटो डिसेंबरात काढायचे होते. जज्जसाहेबांनी चार वाक्यं म्हणून घेतली, यांनी आणि मी टाळ्या वाजवल्या. मग तो ऑफिसला परत गेला आणि आम्ही दोघी येताना मेथी आणि कांदे घेऊन आलो. ग्रीन कार्डाचे कागद भरायला देवळात कुणीतरी एका गृहस्थाचं नाव सुचवलं होतं. तो वकील नव्हता, पण म्हणे सगळ्यांचे कागद तोच करतो. ते काम त्याच्याकडे दिलं आणि विसरून गेलो.

पुढच्या वसंतात एका सकाळी ते दोघं अधिकारी आले. आधी ते मुलाच्या अपार्टमेंटवर जाऊन आले होते. तिथे एकाच माणसाचे कपडे, एकच टूथब्रश. शेजारणीनं सांगितलं, हा एकटाच राहतो. मग ते आमच्याकडे आले. मी खाली बेसमेंटमध्ये कपडे वाळवत होते. भाचीनं दार उघडलं, पाहुणे समजून आत बसवलं, आलं घालून चहा केला. त्यांनी विचारलं, नवऱ्याबरोबर का राहत नाही? तिनं अगदी मोकळेपणानं सांगून टाकलं,

"आमचं अजून खरं लग्न झालेलं नाही. डिसेंबरात आहे, नाशिकला. तुम्हीही या ना!"

मी वर आले तेव्हा ते निघत होते. किती सभ्य माणसं, कप स्वतः सिंकमध्ये नेऊन ठेवला, असं मी दुपारी यांना सांगितलं. यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं, कोण होते? मी सांगितलं आणि यांचा चेहरा उतरला. पण पुढे काही महिने काहीच झालं नाही, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. मी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूला, आपल्या दुकानांच्या रस्त्याला, जाऊन तिचा शालूसुद्धा आणला.

सिंहस्थ संपला, डिसेंबरची तिकिटं काढली, आणि नेमका तेव्हा तो कागद भरणारा गृहस्थ पकडला गेला. पैसे घेऊन अनोळखी माणसांची लग्नं लावून द्यायचा त्याचा धंदा होता म्हणे! त्याच्या हातून गेलेली एकूणएक फाइल सरकारनं उघडली. त्यात आमची. वेगळे राहतात, फोटो नाही, नोकरी गेल्यावर लगेच लग्न, आणि मुलगी स्वतःच्या तोंडानं सांगते की खरं लग्न झालेलंच नाही. अजून काय हवं? दोघांवर फौजदारी खटला भरला. इमिग्रेशनचा कायदा चुकवण्यासाठी खोटं लग्न केल्याचा.

आम्ही एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी आम्हाला टेबलाशी बसवून समजावलं. गुन्हा शाबीत झाला तर दोघांनाही तुरुंग होऊ शकतो. पण त्याहून वाईट पुढचं होतं. शिक्षा भोगल्यावर मुलीला परत पाठवतील, आणि एकदा लग्न खोटं ठरलं की नवऱ्याच्या नावावर तिला या देशात पुन्हा कधीच येता येणार नाही. कधीच म्हणजे कधीच. माझी भाची ऐकत होती आणि तिचा हात टेबलाखाली त्यानं धरून ठेवला होता. या दोघांना कधी एका घरात संसार करता येईल का नाही, एवढाच प्रश्न होता. बाकी सगळं वकिलांचं.

आमच्या वकीलबाई बुटक्या, कायम पळायचे बूट घातलेल्या, बोलता बोलता पर्समधून गाजर काढून खाणाऱ्या. सिंहस्थ म्हणजे काय हे त्यांना सांगताना आमचे हे घामाघूम झाले. टेबलावर लिंबू ठेवलं तो सूर्य, कांदा तो गुरू. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, यात दोघांनी वेगळं का राहायचं? हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, त्याला कांदा जबाबदार नाही, त्याला माझे मेव्हणे जबाबदार आहेत. बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, हे ज्यूरीला असंच सांगा.

मग जामिनाच्या अटी आल्या, आणि माझं डोकंच फिरलं. पासपोर्ट जमा, म्हणजे डिसेंबरचं लग्न गेलं. ते एक वेळ समजू शकते. पण अट अशी की दोघांनी जिथे राहता तिथेच राहायचं, पत्ता बदलायचा नाही. एकमेकांना भेटायचं तर तिसरं मोठं माणूस समोर हवं, आणि केसबद्दल बोलायचं नाही. एकत्र राहत नाहीत हा गुन्हा, आणि आता एकत्र राहिले तर जामीन रद्द! मी वकीलबाईंना म्हटलं, हे कुठलं शहाणपण? त्या म्हणाल्या, एकाच खटल्यातले दोन आरोपी आहेत, कोर्टाच्या दृष्टीनं हे नेहमीचं आहे. इथल्या देवळात साधेपणानं लग्न लावून टाकू का, हेही विचारलं. तर म्हणे अजिबात नको, सरकारी वकील म्हणतील, पकडले गेल्यावर नाटक सुरू केलं.

अशा रीतीनं अमेरिकेच्या सरकारनं मला दोघांच्या मधे बसायला नेमलं. दर रविवारी दुपारी तो यायचा. डायनिंग टेबलाच्या एका बाजूला तो, एका बाजूला ती, मधे मी शेंगा निवडत. लग्न झालेल्या जोडप्याच्या कांदेपोह्यांचा कार्यक्रम, आणि तोही दर आठवड्याला. सुरुवातीला मला हसू यायचं. तीही त्याला चिडवायची, 'काय रे, पगार किती, स्वयंपाक येतो का?' पुढे पुढे कुणी हसेना. तो निघाला की ती खिडकीशी उभी राहून गाडी वळेपर्यंत बघायची, आणि मी शेंगांची टरफलं उगीचच पुन्हा चाळत बसायची. मेल्या शेंगांनी काय केलं होतं, पण राग कुणावर तरी काढायला हवा.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात खटला उभा राहिला. इमिग्रेशनचा तो अधिकारी साक्षीला आला. माणूस प्रामाणिक, जसं घडलं तसं सांगितलं. तिनं मला लग्नाला बोलावलं, असं म्हणाला तेव्हा ज्यूरीतले दोघंतिघं हसले. भाचीनं मान खाली घातली. सरकारी वकीलबाई उंच, आवाज मऊ. त्यांनी ज्यूरीला राखाडी पँट सांगितली, फोटो नसल्याचं सांगितलं, एकच टूथब्रश सांगितला. लग्नाच्या दिवशी नवरी मावशीबरोबर भाजी घेऊन घरी गेली, हेही सांगितलं. ऐकताना मलाच वाटायला लागलं की हे काही खरं नाही.

मग मला बोलावलं. मी काठापदराची साडी नेसून गेले होते. आमच्या वकीलबाईंनी विचारलं, लग्नानंतर मुलगी तुमच्याकडे का राहिली? मी मान ताठ केली आणि सुरू केलं, आमच्या नाशिकला गुरू सिंह राशीत गेला की, आणि तेवढ्यात सरकारी वकीलबाई उठल्या. ऑब्जेक्शन! जज्जनी ज्यूरीला बाहेर पाठवलं. दोन्ही वकील भांडले, मी पिंजऱ्यात तशीच बसून. शेवटी जज्ज म्हणाले की प्रश्न रजिस्टर लग्नाच्या दिवसाचा आहे. पुढे कुणी कुठला धार्मिक विधी करणार होतं, ग्रह कुठे होते, यानं ज्यूरीचा गोंधळ होईल. ते बोलायचं नाही. नाशिकचं कार्यालय ठरवलेलं होतं तेही दाखवायचं नाही.

ज्यूरी आत आली. सरकारी वकीलबाईंनी मऊ आवाजात विचारलं, लग्नानंतर तुमची भाची तुमच्या घरी राहत होती, हो की नाही? मी म्हटलं, हो, पण. त्या म्हणाल्या, हो की नाही? मी पुन्हा म्हटलं, हो, पण त्याचं कारण. जज्ज माझ्याकडे वळले आणि म्हणाले, मॅडम, विचारलं तेवढंच सांगा. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या नवऱ्याची मला अर्ध्या वाक्यात तोडायची कधी हिंमत झाली नाही. मी 'हो' म्हणून खाली आले. त्या एका 'हो'नं मी माझ्याच पोरीला बुडवलं, असं वाटत राहिलं.

ज्यूरीनं दोघांनाही दोषी ठरवलं.

काही महिन्यांनी शिक्षा सुनावली. दोघांना काही महिने तुरुंग, आणि त्यानंतर तिला परत पाठवायचं. वकीलबाईंनी त्याच दिवशी अपील करतो म्हणून सांगितलं, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवून घेतली. त्याच जामिनावर, त्याच अटींवर. म्हणजे पुन्हा माझ्या टेबलावर रविवार. त्याची नोकरी गेली, मित्राच्या दुकानात तो कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागला. भाचीनं बोलणंच टाकलं. एका सकाळी ओट्याशी चहा गाळता गाळता म्हणाली,

"मावशी, मी त्यांना त्या दिवशी दारातूनच परत पाठवलं असतं तर?"

मी तिच्या हातातलं गाळणं काढून घेतलं आणि चांगली खडसावली. घरी आलेल्याला चहा दिला, यात तुझं काय चुकलं? खोटं बोलली असतीस तर मी तुला जाब विचारला असता. ती रडली, मीही रडले, चहा निवून गेला. नाशिकला ताईचा फोन रोज यायचा. मेव्हणे मात्र फोनवर येईनासे झाले. ताई सांगायची, गॅलरीत बसून असतात, गल्लीतलं कुणी नेहमीसारखं पंचांग बघून घ्यायला, मुहूर्त विचारायला आलं तर दुसरीकडे जा म्हणतात. मी मनातून त्यांच्यावर इतकी चिडलेली होते की बरं झालं बोलत नाहीत, असंच वाटायचं.

अपिलाचं कोर्ट सिनसिनाटीला. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात आम्ही सगळे गेलो. तिथे साक्षी नाहीत, ज्यूरी नाही, समोर तीन जज्ज आणि वकिलांना मोजकी मिनिटं. मी पुढच्या बाकावर बसले. हे माझ्या कानात पुटपुटले, काही झालं तरी उठून बोलू नकोस. आमच्या वकीलबाई, त्या दिवशी चक्क टाचांचे बूट घातलेल्या, म्हणाल्या, लग्नानंतर दोघं वेगळे राहिले हे सरकारनं ज्यूरीला दाखवलं. मग ते का वेगळे राहिले हे सांगायला निघालेल्या साक्षीदाराचं तोंड का बंद केलं? एक बाजू ऐकवायची आणि दुसरी झाकायची, याला न्याय म्हणतात का? तो साक्षीदार म्हणजे मी. मी आपोआप ताठ बसले.

मग सरकारी वकील उभ्या राहिल्या. मधल्या खुर्चीतले म्हातारे जज्ज आतापर्यंत गप्प होते. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "खोटं लग्न करणारी मुलगी तपासाला आलेल्या माणसाला खऱ्या लग्नाचं आमंत्रण कशाला देईल?" सरकारी वकीलबाई म्हणाल्या की पुरावा कसा तोलायचा हे ज्यूरीचं काम आहे. म्हातारे जज्ज म्हणाले, बरोबर आहे, पण तोलायला दोन पारडी लागतात. आमचे हे एरवी जमिनीकडे बघणारे, त्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

तरी लगेच काही झालं नाही. हिवाळा गेला, बर्फ वितळलं, आणि दोन हजार सातच्या वसंतात वकीलबाईंचा फोन आला. मी धड ऐकलंसुद्धा नाही, 'रिव्हर्स्ड' एवढा शब्द कळला आणि मी खाली बसले. दोषी ठरवलेलं रद्द! भाची घरातल्याच कपड्यांत अंगणात धावत गेली, परत आली, पुन्हा गेली. पण बाईंनी सांगितलं, थांबा, सरकारला पुन्हा खटला चालवता येतो. अटी अजून तशाच. म्हणजे जिवात जीव आला, पण अर्धाच.

तो सगळा उन्हाळा आम्ही अर्ध्या जिवानं काढला. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, एका साध्या गुरुवारी दुपारी, सरकारनं खटला मागे घेतल्याचा फोन आला. फेरखटला नाही. अटी संपल्या. पासपोर्ट परत मिळणार, तिचे कागद पुढे सरकणार. घोडं गंगेत न्हालं एकदाचं. मी इतक्या जोरात 'हुश्श' म्हटलं की वरून आमचे हे, काय झालं म्हणून, धावत आले. भाचीनं त्याला फोन केला. तो म्हणाला, येतो, आत्ता येतो.

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, पितृपंधरवडा चालू आहे. सिंहस्थात लग्न न लावणारा माणूस पितरांच्या पंधरवड्यात मुलीला सासरी जाऊ देईल होय? नवरात्र उजाडू दे, मुहूर्त बघू, नाशिकला विधी होऊ दे, मग जाऊ दे, हे सगळं मला आधीच ऐकू यायला लागलं. मी ठरवलं, आज या माणसाला सोडायचं नाही. इतक्या वर्षांचं जे काही पोटात साठलं होतं ते सगळं तयार करून मी नाशिकला फोन लावला. तिकडे पहाट व्हायची होती. ताईनं उचलला, मी सांगितलं, ती हुंदके द्यायला लागली. मी म्हटलं, भाऊजींना दे.

मेव्हण्यांनी फोन घेतला. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, पक्कं ना? म्हटलं, पक्कं. मी म्हटलं, भाऊजी, पितृपंधरवडा आहे, मला माहितीय, पण आता तुम्ही. त्यांनी मला मधेच तोडलं.

"माझ्यापायी पोरीची चार वर्षं गेली. आता मुहूर्त बिहूर्त काही नको. आजच जाऊ दे तिला तिच्या घरी."

माझ्याकडे भांडायला काही उरलंच नाही. मी नुसतं 'हो भाऊजी' म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मग ते म्हणाले की तिला दे, आणि मी फोन भाचीच्या हातात दिला. ती ऐकत राहिली, 'हो बाबा, हो बाबा' करत. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

तो आला तेव्हा ती वर बॅग भरत होती. त्याला बस म्हटलं तर बसेना. जिन्याच्या खाली उभा, गाडीची किल्ली या हातातून त्या हातात. मी म्हटलं, जेवून जा, वरण-भात झालाय. तो म्हणाला, नको मावशी, आम्ही घरी जेवतो. आम्ही. मी पदर डोळ्यांना लावायला स्वयंपाकघरात गेले आणि डब्यात वरण-भात भरला.

ती खाली आली तेव्हा अंगात जीन्स होती, केस विस्कटलेले. शालू वरच्या कपाटात होता, नाशिकच्या लग्नाला नेसायचा, तो तिथेच राहिला. दोघांनी यांना आणि मला वाकून नमस्कार केला. हे म्हणाले, सुखात राहा, आणि गराजचं दार उघडायला गेले. त्यानं बॅग डिकीत टाकली. ती पुढच्या सीटवर बसली, डबा मांडीवर. इतकी वर्षं ती माझ्या घरातून बाहेर पडताना मी दर वेळी विचारायची, कधी येशील? त्या दिवशी नाही विचारलं.